दिवे लख्ख, हॉर्न खणखणीत, पण सेल्फ फक्त 'टक्' करतो: बॅटरी की स्टार्टर?

पाऊलवाट
नमस्कार मंडळी. गाडीने सकाळपासून अडवून धरलंय, म्हणून हा धागा. पेट्रोल, मॅन्युअल गिअर, चावीवर चालू होणारी साधी गाडी आहे. बॅटरी तशी नवीच, दोन वर्षंही झालेली नाहीत. रात्री चालवून आणून लावली तेव्हा काही तक्रार नव्हती. सकाळी चावी फिरवली तर डॅशबोर्डवरचे सगळे दिवे नेहमीसारखे लागले. हेडलाइट लख्ख, हॉर्न मोठ्ठा, काचा वरखाली होतात. पण चावी पुढे नेली की बॉनेटखालून एकच 'टक्' येतो आणि बस. इंजिन जागचं हलत नाही.

शेजारचे काका म्हणतात, दिवे एवढे लख्ख आहेत म्हणजे बॅटरी ठणठणीत, सेल्फ (इंजिन फिरवून सुरू करणारी स्टार्टर मोटर) गेला. गॅरेजवाल्याने फोनवर ऐकूनच नवीन सेल्फ टाकायला सांगितलं. भाऊ बॅटरीवर अडून बसलाय. मला कुणाच्याही अंदाजावर पार्ट बदलायचा नाहीये. घरच्या घरी नीट तपासता येईल का? पाने आहेत, हात काळे करायची तयारी आहे, मल्टिमीटर मागून आणता येईल. जाणकारांनी कृपया सांगावं.

झटपट
बॅटरी बदला. माझ्याकडे अगदी हेच झालं होतं. नवीन टाकली, गाडी चालू.

तांब्याची_तार
ताई, पार्ट न बदलता आधी तपासायचं ठरवलंत ते उत्तम केलंत. आधी शेजारच्या काकांच्या म्हणण्याचं बघू, कारण बहुतेक लोक तिथेच अडकतात.

दिवे लागतात याचा अर्थ एवढाच, की दिव्यांना पुरेल इतका करंट मिळतोय. हेडलाइटचे साधे बल्ब ५५ वॅटचे असतात. दोन मिळून ११० वॅट, म्हणजे १२ व्होल्टवर साधारण ९ अँपिअर. एलईडी असतील तर त्याहून बरेच कमी. सेल्फ मात्र छोट्या पेट्रोल गाडीतसुद्धा १०० ते २०० अँपिअर ओढतो, आणि इंजिन जागचं हलवतानाच्या पहिल्या क्षणी त्याहूनही जास्त. डिझेलला आणखी लागतो.

आता समजा, वाटेत कुठेतरी टर्मिनलवर बुरशी आलीय आणि तिथे ०.०३ ओहम इतका किरकोळ अडथळा आहे. हेडलाइटच्या ९ अँपिअरला तिथे पाव व्होल्ट कमी होईल, डोळ्यांना कळणारसुद्धा नाही. सेल्फ तिथूनच १५० अँपिअर ओढायला गेला तर साडेचार व्होल्ट तिथेच गळतात. मग सेल्फपर्यंत पोचणार काय? अरुंद बोळातून एकटा माणूस सहज जातो, गर्दी अडते, तसं आहे हे. त्यामुळे लख्ख दिवे बघून बॅटरीला पास करायचं नाही, आणि सेल्फलाही नापास करायचं नाही.

आता दोन गोष्टी बघून इथे लिहा. गाडी न्यूट्रलला, हँडब्रेक ओढलेला. हेडलाइट लावा, समोर भिंत असेल तर उत्तम. चावी पुढे फिरवून दोनतीन सेकंद धरा आणि दिव्यांकडे बघा: विझतात, मंद होतात की जसेच्या तसे राहतात? दुसरं, आवाज नक्की एकदाच येतो की पटापट टकटकटक असा?

मीटरवाली
+१. दिव्यांची ही परीक्षा मी सगळ्यांना आधी करायला सांगते, कारण तिला काही साधन लागत नाही. सेल्फ मारताना दिवे जवळजवळ विझले तर बॅटरी उतरलीय किंवा बॅटरीच्या टर्मिनललाच जोड धड नाही. बरेच मंद झाले आणि इंजिन फिरलं नाही, तर करंट सेल्फपर्यंत जातोय पण सेल्फ किंवा इंजिन जाम आहे. बॅटरी अर्धवट उतरली असेल तरीही असं दिसतं, तेव्हा तेवढ्यावरून निकाल द्यायचा नाही. आणि दिवे हललेच नाहीत तर मोठा करंट वाहतच नाहीये, रस्ता कुठेतरी तुटलाय.

झटपट
एवढं सगळं करत बसण्यापेक्षा बॅटरी आणून लावणं सोपं नाही का? पाच मिनिटांचं काम.

जुना_पाना
झटपट, तुमची बॅटरी खरंच गेलेली असेल, त्यात वाद नाही. पण नवीन बॅटरी लावताना टर्मिनल काढून, पुसून, पुन्हा घट्ट बसवली जातात, हेही लक्षात घ्या. गाडी नव्या बॅटरीमुळे चालू झाली की साफ झालेल्या टर्मिनलमुळे, हे मग कळायला मार्ग उरत नाही. माझ्याकडे लोक बदललेली जुनी बॅटरी सोडून जातात. तिला रात्रभर चार्ज करून लोड लावला की त्यातल्या बऱ्याच चांगल्या निघतात. वाईट वाटतं बघून.

पाऊलवाट, मीटर लावण्याआधी टर्मिनल हाताने पिळून बघा. मनगटाच्या जोराने क्लॅम्प जरासाही फिरला तर तो सैल आहे. पांढरी-हिरवी भुकटी दिसली तर ती आम्लाची, डोळ्यांत जाऊ देऊ नका. साफ करताना निगेटिव्ह आधी सोडायचं आणि बसवताना शेवटी. याचं कारण साधं आहे. पॉझिटिव्ह सोडताना पाना बॉडीला टेकला आणि निगेटिव्ह जोडलेलं असलं, तर पान्यातून थेट शॉर्ट होतं. खाण्याचा सोडा कोमट पाण्यात घालून भुकटी धुवायची, पोस्ट (बॅटरीवरचा शिशाचा खुंट) आणि क्लॅम्पची आतली बाजू तारेच्या ब्रशने किंवा पॉलिश पेपरने चकचकीत करायची, घट्ट आवळायचं, वरून व्हॅसलिनचा हात. क्लॅम्प बाहेरून स्वच्छ दिसला तरी आत काळा थर असू शकतो, म्हणून काढून बघायचाच.

पाऊलवाट
सगळ्यांचे आभार. केलं ते लिहिते.

टर्मिनल घट्ट होती, तरी काढून साफ केली. आत थोडा राखाडी थर होता, फार नाही. पुन्हा जोडून चावी फिरवली. पुन्हा तेच, एकच टक्. हेडलाइटचा उजेड भिंतीवर पाडून बघितला. चावी फिरवताना अगदी किंचित थरथरतो, पण मंद म्हणावा असा होत नाही. मीटर आणलाय. बॅटरीवर लावला तर १२.५ दाखवतो.

तांब्याची_तार
फार उपयोगी माहिती दिलीत. थांबलेल्या गाडीत बॅटरीवर १२.६ म्हणजे पूर्ण भरलेली, १२.४ म्हणजे पाऊण, १२.२ म्हणजे अर्धी, १२ म्हणजे पाव, असा साधारण हिशेब असतो. तुमची १२.५ आहे, म्हणजे जवळजवळ भरलेली आहे. पण भरलेली असणं वेगळं आणि लोड पेलणं वेगळं. तेव्हा आता कुणाला तरी चावीवर बसवा, मीटर बॅटरीच्या पोस्टवर धरा आणि सेल्फ मारताना आकडा वाचा. मीटरची टोकं क्लॅम्पवर टेकवू नका, मधल्या शिशाच्या पोस्टवर टेकवा. नेहमीच्या हवेत आकडा ९.६ च्या खाली गेला तर बॅटरी संशयित. तुमच्या दिव्यांवरून माझा अंदाज आहे, की आकडा फारसा पडणारच नाही.

पडला नाही तर पुढची दोन मापं महत्त्वाची. दोन्ही सेल्फ मारतानाच घ्यायची, गाडी शांत असताना ती शून्यच दाखवतात आणि माणूस फसतो.

एक, मीटरचं लाल टोक बॅटरीच्या पॉझिटिव्ह पोस्टवर आणि काळं सेल्फवर येणाऱ्या जाड केबलच्या बोल्टवर. इथे अर्ध्या व्होल्टपेक्षा जास्त येता कामा नये.

दोन, काळं टोक बॅटरीच्या निगेटिव्ह पोस्टवर आणि लाल इंजिनाच्या उघड्या धातूवर. रंगावर नको, गंजावर नको, एखाद्या स्वच्छ बोल्टच्या डोक्यावर. इथे ०.२ च्या आसपास हवं.

सैल कपडे, ओढणी, केस सांभाळा. गाडी अचानक सुरू झाली तर पट्टा आणि पंखा फिरणार आहेत.

दुसरा_गिअर
मॅन्युअल गाडी आहे ना? धक्का मारून दुसऱ्या गिअरला क्लच सोडा, चालू होईल. तपासणी नंतर.

जुना_पाना
अडलेल्या जागेतून निघायला धक्का स्टार्ट ठीक आहे, पण चावी ऑन हवी, नाहीतर स्टिअरिंग लॉक होऊ शकतं. इंजिन बंद असताना ब्रेकला बूस्टर नसतो, पेडल दगडासारखं लागतं, त्यामुळे उतारावर एकट्याने हा प्रयोग नको. ऑटोमॅटिकला तर हा मार्गच नाही. आणि पुन:पुन्हा करत राहिलात तर न जळलेलं पेट्रोल सायलेन्सरमधल्या कॅटलिटिक कन्व्हर्टरमध्ये जाऊन त्याचं नुकसान होतं. ताई घरी आहेत, मीटर हातात आहे. त्यांनी मापंच घ्यावीत.

सावलीतली_गाडी
मध्येच विचारतो, माफ करा. माझी गाडी एकच टक् न करता पटापट टकटकटकटक करते, मशीनगनसारखी. तेही हेच असेल का? दिवे माझेही लागतात, पण आवाज सुरू झाला की डॅशबोर्ड लुकलुकतो.

मीटरवाली
नाही, तुमचं वेगळं आहे. पटापट टकटक म्हणजे बॅटरी उतरलेली, हे बहुतांश वेळा खरं ठरतं.

तो आवाज येतो कुठून ते सांगते. सेल्फवर सोलेनॉइड बसवलेला असतो. त्यात दोन वेटोळी: एक जोरात ओढणारं, एक नुसतं धरून ठेवणारं. चावी फिरवली की दोन्ही मिळून लोखंडी दांडा खेचतात. दांडा सेल्फचं दातेरी चाक इंजिनाच्या फ्लायव्हीलला भिडवतो आणि त्याच वेळी मोटरचे जाड कॉन्टॅक्ट जोडतो. कॉन्टॅक्ट जोडले गेले की ओढणाऱ्या वेटोळ्याचं काम संपतं, दुसरं एकटं दांडा धरून ठेवतं. बॅटरी अशक्त असेल तर मोटर जोडल्याबरोबर व्होल्टेज कोसळतं, धरणारं वेटोळं सोडून देतं, दांडा मागे येतो. मोटरची जोडणी सुटल्यामुळे व्होल्टेज पुन्हा वर येतं, दांडा पुन्हा खेचला जातो. एका सेकंदात हे अनेकदा होतं, तो तुमचा टकटकाट. डॅशबोर्डही त्याच तालावर लुकलुकतो.

टर्मिनल साफ करा, बॅटरी चार्जरवर लावा, आणि ती का उतरली ते शोधा. रात्री दिवा राहिला होता का? अल्टरनेटर (चालू इंजिनावर बॅटरी भरणारं जनित्र) चार्ज करतोय का? चालू गाडीत बॅटरीवर साधारण १३.७ ते १४.७ यायला हवेत. काही नव्या गाड्या संगणकावरून हा आकडा वरखाली करतात, तेव्हा तिथे थोडा फरक दिसला तर घाबरू नका.

पाऊलवाट
मापं घेतली. भावाला चावीवर बसवलं.

सेल्फ मारताना बॅटरीच्या पोस्टवर १२.५ वरून १२.०, त्याखाली गेलंच नाही.
पॉझिटिव्ह पोस्ट ते सेल्फचा बोल्ट: ०.१. (बोल्ट खाली आडोशाला आहे, मीटरचं टोक टेकवताना नाकी नऊ आले.)
निगेटिव्ह पोस्ट ते इंजिन: ७.६!

शेवटचं माप चुकलं असेल म्हणून दुसऱ्या बोल्टवर घेतलं, तिथेही साडेसातच्या आसपास. म्हणजे काय समजायचं?

तांब्याची_तार
सापडलं. सेल्फ काढू नका, बॅटरीला हात लावू नका.

सेल्फला बॅटरीकडून मिळणाऱ्या १२ पैकी साडेसात व्होल्ट परतीच्या वाटेवरच खर्ची पडतायत. करंट पॉझिटिव्हकडून सेल्फमध्ये जातो, सेल्फच्या अंगातून इंजिनात उतरतो आणि इंजिनाकडून अर्थच्या (अर्थिंगच्या, परतीच्या जोडणीच्या) पट्टीने बॅटरीच्या निगेटिव्हला परत येतो. बऱ्याच गाड्यांत बॅटरीची निगेटिव्ह केबल बॉडीला जोडलेली असते, आणि बॉडी ते इंजिन किंवा गिअरबॉक्स अशी वेगळी विणलेली तांब्याची पट्टी असते. इंजिन रबरी माउंटिंगवर बसलेलं असल्यामुळे ते आपोआप बॉडीला टेकत नाही, म्हणून ही पट्टी लागते. हेडलाइटचा अर्थ बॉडीवरच असतो, ते इंजिनातून जातच नाहीत. तुमचे दिवे लख्ख का आणि सेल्फ मुका का, याचं उत्तर त्या एका पट्टीत आहे.

खात्री हवी असेल तर एक जंपर केबल घ्या. एक टोक बॅटरीच्या निगेटिव्हला, दुसरं इंजिनाच्या जाड उघड्या धातूला, हलत्या भागांपासून लांब. चावी फिरवा. लागली गाडी, तर निदान पक्कं.

एक मात्र ऐका. तोवर पुन:पुन्हा सेल्फ मारू नका. अर्थची पट्टी काम करत नसेल तर करंट दुसरी वाट शोधतो, गिअर किंवा क्लचच्या केबलमधूनसुद्धा परत जायला बघतो. त्या केबल यासाठी बनवलेल्या नसतात, तापून आतून खराब होतात.

पाऊलवाट
केबल लावली आणि पहिल्या झटक्यात गाडी चालू!! नेहमीपेक्षा जोरात फिरला सेल्फ. खरंच मनापासून आभार. भावाने लगेच गाडीखाली डोकावून बघितलं. गिअरबॉक्सकडून बॉडीला जाणारी पट्टी आहे. गिअरबॉक्सकडचं टोक बरं दिसतं. बॉडीकडचं टोक मात्र गंजून फुगलंय, लगची (पट्टीच्या टोकाला बोल्टसाठी असलेल्या धातूच्या कडीची) एक बाजू हिरवी पडलीय आणि विणलेल्या तारांतल्या निम्म्या तरी तुटून केसांसारख्या बाहेर आल्यात. बोटाने हलवलं तर लग डुगडुगतो. बोल्ट बाहेरून घट्टच आहे, म्हणून कुणाला संशय आला नसता. साफ करून भागेल की बदलावी?

जुना_पाना
निम्म्या तारा तुटल्यात म्हणता, मग बदलाच. त्याच जाडीची किंवा अधिक जाड घ्या, कमी नको. लांबी थोडी सैल ठेवा, इंजिन हलतं तेव्हा पट्टी ताणली गेली की पुन्हा लगपाशीच तुटते. बसवण्याआधी बॅटरीचं निगेटिव्ह सोडा. बॉडीवरची जागा रंग जाऊन पांढरा धातू दिसेपर्यंत घासा, लग थेट धातूवर बसवा, आधी वॉशर मग लग असं करू नका. आवळून झालं की वरून ग्रीस किंवा गंजरोधक फवारा, म्हणजे ओल आत जाणार नाही. जुनी पट्टी फेकायच्या आधी नवीच्या शेजारी धरून जाडी बघा.

बॅटरी सोडल्यावर घड्याळ, रेडिओ, एका झटक्यात वर जाणाऱ्या काचा यांचं सेटिंग जाऊ शकतं. रेडिओला कोड असेल तर आधी शोधून ठेवा.

हिरवी_फांदी
माझ्याकडे ऑटोमॅटिक आहे. कधी कधी चावी फिरवली की टक् सुद्धा होत नाही, पूर्ण शांतता. दिवे सगळे छान. थोड्या वेळाने आपोआप लागते. अर्थच बघू का?

मीटरवाली
अर्थ बघायला हरकत नाही, पण काहीच आवाज नाही म्हणजे बहुधा सोलेनॉइडपर्यंत हुकूमच पोचत नाहीये. ऑटोमॅटिकमध्ये गिअर पार्क किंवा न्यूट्रलला आहे हे सांगणारा स्विच असतो. तो झिजला किंवा जरा सरकला की गाडीला वाटतं आपण गिअरमध्ये आहोत. पुढच्या वेळी बंद पडली की ब्रेक दाबून गिअर न्यूट्रलला घ्या आणि चावी फिरवा. तिथे लागली तर स्विच किंवा त्याची सेटिंग. बऱ्याच मॅन्युअल गाड्यांत हेच काम क्लचखालचा स्विच करतो, क्लच पूर्ण दाबला नाही तर सेल्फ घेत नाही.

तिथेही नाही लागली तर सेल्फचा रिले (छोट्या करंटवर मोठा करंट चालूबंद करणारा स्विच) शोधा. फ्यूजच्या डब्यात शेजारी त्याच नंबरचा दुसरा रिले असतो, हॉर्नचा वगैरे, तो बदलून बघता येतो. नंबर तोच असल्याची खात्री करूनच. त्यानंतर चावीमागचा इग्निशन स्विच.

कोरी_पाटी
बटणाच्या गाडीचं काय? बटण दाबलं की डॅशबोर्ड उजळतो, चावीचं चित्र लुकलुकतं, पुढे काही नाही.

मीटरवाली
रिमोटचा सेल उतरला असावा. बहुतेक गाड्यांत रिमोट बटणाला किंवा गाडीच्या माहितीपुस्तिकेत दाखवलेल्या जागेला टेकवून ब्रेक (मॅन्युअल असेल तर क्लच) दाबला की लागते, कारण रिमोटमधली ओळखीची चिप स्वतःच्या सेलशिवायही अगदी जवळून वाचली जाते. सेल नाणं असतं तसा चपटा, बऱ्याचदा सीआर २०३२, पण उघडून छापलेला नंबर बघूनच आणा. दुसरी चावी असेल तर ती वापरून बघा, मिनिटात उत्तर मिळतं.

दुसरा_गिअर
आणि सेल्फ जोरात फिरतोय पण गाडी उचलत नाही, तेव्हा?

तांब्याची_तार
मग बॅटरी, अर्थ, सेल्फ या सगळ्यांना सोडा, ती माणसं कामावर आहेत. तिथे पेट्रोल, ठिणगी आणि संगणकाची परवानगी या बाजूने जायचं. चावी ऑन केली की मागच्या सीटखालून दोनएक सेकंद पेट्रोल पंपाची घूं ऐकू येते का? इमोबिलायझरचा (चोरी रोखणाऱ्या यंत्रणेचा) दिवा लुकलुकत राहतो का? सेल्फ फिरताना आरपीएमचा काटा किंचित उठतो का? बऱ्याच गाड्यांत काटा शून्यावर चिकटून राहिला तर क्रँक सेन्सरकडे (इंजिन फिरतंय हे संगणकाला सांगणाऱ्या सेन्सरकडे) बोट जातं. थंडीत डिझेल असेल तर ग्लो प्लग. हा स्वतंत्र विषय आहे, त्यावर वेगळा धागा काढा, मी लिहीन.

सावलीतली_गाडी
मीटरवाली, तुमचं बरोबर निघालं, माझी बॅटरी १०.९ वर होती. शेजाऱ्याच्या गाडीवरून जंप करणार आहे. लाल लालला, काळी काळीला, एवढंच ना?

जुना_पाना
नाही! शेवटची काळी क्लिप उतरलेल्या बॅटरीच्या निगेटिव्हला लावू नका.

क्रम असा. दोन्ही गाड्या बंद, एकमेकींना टेकलेल्या नकोत. लाल आधी उतरलेल्या बॅटरीच्या पॉझिटिव्हला. लालचं दुसरं टोक चांगल्या बॅटरीच्या पॉझिटिव्हला. काळी चांगल्या बॅटरीच्या निगेटिव्हला. काळीचं शेवटचं टोक बंद गाडीच्या इंजिनावरच्या जाड उघड्या धातूला, बॅटरीपासून लांब. शेवटची क्लिप लावताना ठिणगी उडतेच, आणि बॅटरीतून हायड्रोजन निघत असतो. हवेत तो ४ टक्के झाला की पेटायला पुरतो. ठिणगी त्याच्यापासून लांब उडावी, एवढ्यासाठी हा खटाटोप. बॅटरी फुटून आम्ल तोंडावर उडण्याचे अपघात होतात, म्हणून हे मी आग्रहाने सांगतो. बॅटरी फुगलेली, तडा गेलेली किंवा गोठलेली असेल तर जंप करायचंच नाही.

मग चांगली गाडी चालू करून पाचदहा मिनिटं राहू द्या, नंतर तुमची सुरू करा. एका वेळी दहा सेकंदांहून जास्त सेल्फ मारू नका, मध्ये मिनिटभर थांबा, सेल्फ फार लवकर तापतो. लागली की केबल उलट क्रमाने काढा.

झटपट
सेल्फवर हातोडीने ठोकलं की लागते असं ऐकलंय. त्यात तथ्य आहे का?

जुना_पाना
आहे. आतले कार्बन ब्रश झिजले किंवा अडकले की हलक्या ठोक्याने ते पुन्हा टेकतात आणि गाडी लागते. पण हलक्याच. काही सेल्फमध्ये चुंबक आत चिकटवलेले असतात, जोरात ठोकलं तर तडकतात. ठोकून लागली तर सेल्फ उघडून कार्बन बदलायची वेळ आलीय एवढं नक्की, घरी पोचा आणि करून घ्या. आणि हे बॅटरी व दोन्ही बाजूंची मापं चांगली आल्यावरच.

पाऊलवाट
नवी पट्टी बसवली. बॉडीची जागा घासून चकचकीत केली. आता सेल्फ मारताना निगेटिव्ह पोस्ट ते इंजिन ०.१२ येतं, आणि बॅटरी सेल्फच्या वेळी १०.८ पर्यंत उतरते. मला आधी हा आकडा कमी झालेला बघून धसका बसला, मग लक्षात आलं की आता सेल्फ खरोखर करंट ओढतोय. बरोबर ना? गॅरेजवाल्यालाही ही मापं दाखवली, त्यांनी लिहून घेतली.

तांब्याची_तार
अगदी बरोबर. आधी १२ वर राहायची कारण कुणी काही मागतच नव्हतं. १०.८ उत्तम आहे.

सावलीतली_गाडी
जंप करून लागली, चार्जरवर पूर्ण भरली, १२.६ आली. दोन दिवस उभी ठेवली, पुन्हा ११.९. अल्टरनेटर चालू गाडीत १४.२ देतो. बॅटरी मेली का?

मीटरवाली
आधी गळती मोजा, म्हणजे बंद गाडीत किती करंट जातोय ते. मीटर १० अँपिअरच्या भोकावर, बॅटरीचं निगेटिव्ह सोडून केबल आणि पोस्टच्या मध्ये. मीटर जोडलेला असताना चावी फिरवायची नाही, सेल्फचा करंट त्यातून गेला तर मीटरचा फ्यूज उडतो. दरवाजे बंद, बॉनेटचं कुलूप स्क्रूड्रायव्हरने बंद स्थितीत पाडून ठेवा, रिमोट लांब. अर्धा तास थांबा, गाडीतले संगणक झोपायला वेळ घेतात. त्यानंतर ०.०५ अँपिअर किंवा कमी असेल तर ठीक. जास्त असेल तर एकेक फ्यूज काढत जा, ज्याने आकडा पडेल ती वाट पकडा.

सावलीतली_गाडी
०.४५ येतोय, आणि डिकीच्या फ्यूजला पडला. फोन व्हिडिओवर लावून डिकीत ठेवला आणि झाकण बंद केलं. दिवा चालूच राहतोय!

मीटरवाली
५ वॅटचा बल्ब साधारण ०.४ अँपिअर घेतो, दिवसाला १० अँपिअर-तास. ४० ची बॅटरी दोन दिवसांत अर्धी होणारच. बॅटरी अजून मेलेली नाही, पण अशी वारंवार उतरत राहिली तर मरेल. डिकीच्या कुलपातला स्विच बघा, झाकण नीट बसत नसेल किंवा आतली पट्टी सरकली असेल. तोवर बल्ब काढून ठेवा. बॅटरी रात्रभर ४ अँपिअरवर लावा, गाडी थोडा वेळ नुसती चालू ठेवून ती भरत नाही. सकाळी चार्जर काढून दोनतीन तासांनी मोजा, लगेच मोजलं तर खोटा वाढीव आकडा दिसतो.